तेंगानान (बाली): लग्न गावातच करायचं, नाहीतर पूर्वेच्या आळीत जायचं

सूतपुतळी (धागाकर्ती)

पूर्व बालीतल्या कारांगआसेम जिल्ह्यात तेंगानान पग्रिंगसिंगान नावाचं गाव आहे. तिथं लग्न कुणाशी केलं यावर माणूस कुठल्या आळीत राहणार ते ठरतं. दोघंही गावातलेच असतील तर पश्चिमेची किंवा मधली आळी. नवऱ्यानं बायको बाहेरून आणली असेल, तर पूर्वेची. त्या आळीला बांजार पांदे म्हणतात. पूर्वी गावाच्या नियमाबाहेर गेलेल्यांना तिथं पाठवत, आणि त्यांचे वंशज अजून तिथंच आहेत.

मी गेले होते कापडासाठी. ताणा आणि बाणा दोन्ही आधी बांधून रंगवायचे आणि मग विणायचे, असं काम जगात फार थोड्या ठिकाणी होतं. आपल्याकडे पाटणचा पटोला, जपानात काही ठिकाणी, आणि इंडोनेशियात हे एकच गाव. कापडाचं नाव ग्रिंगसिंग. लाल रंग बारतोंडीच्या जातीच्या झाडाच्या मुळांच्या सालीचा. सूत आधी कमिरी नावाच्या बियांच्या तेलात मुरवतात. निळीचं काम गावात करायला मनाई, म्हणून ते शेजारच्या बुगबुग गावातून करून आणतात. एक कापड पुरं व्हायला वर्षं जातात. हे सगळं बघता बघता माझं लक्ष कापडावरून ते नेसणाऱ्यांकडे गेलं.

तेंगानानचे लोक बाली आगा, म्हणजे माजापाहित साम्राज्याच्या काळात जावाहून जे राजघराणं आणि ब्राह्मण आले त्यांच्या आधीपासूनचे. इंद्राला मानतात. मृताला जाळत नाहीत, पुरतात. बालीतला माणूस म्हटलं की जी दहनाची मोठी मिरवणूक डोळ्यांपुढे येते, ती इथं नाही. गावाला भिंत आहे, वेशीचे दरवाजे आहेत, आणि उत्तर-दक्षिण जाणाऱ्या तीन रुंद पायऱ्या-पायऱ्यांच्या आळ्या. घरांची तोंडं आळीकडे आणि मधोमध सामाईक मांडव.

जमिनीची कथा सगळे वाटाडे सांगतात. बेदाहुलू राजाचा यज्ञाचा घोडा हरवला. या लोकांच्या पूर्वजांना तो मेलेला सापडला. राजा म्हणाला, त्याच्या मढ्याचा वास येईल तिथवरची जमीन तुमची. माप घ्यायला अधिकारी आला, पण कितीही चाललं तरी वास जाईना, कारण बरोबरच्या म्होरक्यानं घोड्याच्या मांसाचा तुकडा कपड्यात लपवला होता. कथा काही असो, आजही गावाकडं नऊशे हेक्टरांवर जमीन आहे आणि ती बाहेरच्याला विकता येत नाही, गहाणही टाकता येत नाही. भातखाचरं बरीचशी आसपासच्या गावांतले कुळवाडी कसतात.

आता मुद्दा. गावाचा कारभार क्रामा देसा नावाची सभा करते. तिचा सभासद एकटा माणूस कधीच नसतो, जोडपं असतं. नवरा-बायको दोघंही गावात जन्मलेले हवेत, दोघंही वयात आल्यावर गावातल्या मुलांच्या आणि मुलींच्या मंडळांतून रीतसर गेलेले हवेत, आणि लग्न पहिलंच हवं. बाले आगुंग या लांब मंडपात बसायची जागा लग्नाच्या क्रमानं मिळते. ज्यांचं लग्न आधी, ते वरच्या अंगाला. वय, पैसा, शिक्षण काही बघत नाहीत. आणि आपल्या पोराचं लग्न झालं की आई-बाप सभेतून उठतात, नवं जोडपं तळाशी येऊन बसतं. जोडीदार वारला तरी जागा सुटते.

म्हणून मला वाटतं की "लग्न गावातच करा" या नियमाला आपण उगाच भावनेच्या किंवा रक्ताच्या शुद्धतेच्या खात्यात टाकतो. तिथं लग्न हे सभेत शिरायचं दार आहे. सामाईक जमिनीच्या उत्पन्नातला वाटा त्या दारातूनच आत येतो. ते दार आहे तोवर नियम राहील असं माझं मत.

चर्चा करा.

---

रानवाट

छान धागा, वाचनखूण साठवली. घोड्याचं मांस कपड्यात लपवणारा तो म्होरक्या आमच्याकडे तलाठी म्हणून शोभला असता.

---

शंकेखोर

लेख वाचनीय आहे, पण मला एक गोष्ट खटकली. पुरुषानं बाहेरची बायको केली तर तो पूर्वेच्या आळीत जातो. बरं. मुलीनं बाहेरचा नवरा केला तर ती कुठं जाते? त्याबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलेली नाही. आपल्याकडे जातपंचायतींनी माणसं वाळीत टाकली तेव्हा आपण सगळे इथंच तावातावानं लिहीत होतो, महाराष्ट्राला त्यासाठी २०१६ साली वेगळा कायदा करावा लागला. तेच बालीत झालं की 'परंपरेचं जतन' होतं का?

---

सूतपुतळी

शंकेखोर, प्रश्न योग्य आहे आणि मी तो टाळणार नव्हते, पहिला लेख लांबत होता इतकंच.

बाहेर लग्न केलेल्या मुलीचं गावाच्या विधींमधलं स्थान संपतं. पूर्वेची आळीसुद्धा तिच्यासाठी नाही, ती नवऱ्याच्या गावी जाते. पुरुषासाठी अडगळीची का होईना, जागा ठेवली, बाईसाठी वेस. हे असमान आहे आणि त्याला दुसरं नाव नाही.

पण आतली गोष्टही ऐका. बाकीच्या बालीत वारसा मुलाकडे जातो. तेंगानानच्या रिवाजात आई-वडिलांच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी दोघांनाही वाटा आहे. आणि सभेत जोडपं बसतं म्हटल्यावर बायकोशिवाय नवऱ्याला तिथं जागाच नाही. म्हणजे गावात राहिली तर ती शेजारच्या कुठल्याही गावातल्या बाईपेक्षा वरचढ, आणि वेस ओलांडली तर काहीच नाही. दोन्ही एकाच नियमाची टोकं आहेत. मुलगी बाहेर गेली तर तिचा जमिनीतला वाटाही बाहेर जाईल, ही भीती मुळाशी आहे.

---

नोटरीकाकू

बाकीच्या बालीचं थोडं लिहिते, म्हणजे तुलना सरळ होईल.

बालीच्या रिवाजात लग्नातला एक पक्ष 'पुरुष' आणि दुसरा 'प्रदान' असतो. वंश, देव, घर, गावची देणी हे सगळं पुरुषपक्षाकडे. साधारणपणे पुरुषपक्ष म्हणजे नवरा. पण मुलगे नसतील तर मुलीला पुरुषपक्षाचा दर्जा देऊन जावई घरी आणतात, त्याला न्येंताना म्हणतात. ताबानान जिल्ह्याकडे हे सर्रास चालतं, कारांगआसेममध्ये नाक मुरडतात. आता दोघंही एकुलते एक असतील तर काय? त्यासाठी 'पादा गेलाहांग', म्हणजे दोन्ही घरं दोघांची, असा मार्ग निघाला, आणि २०१० साली बालीच्या रिवाजी गावांच्या मुख्य मंडळानं त्याला मान्यता दिली. त्याच ठरावात मुलींच्या वारसाहक्काचाही विषय होता.

बालीत रिवाज बदलत नाही असं कुणी म्हणू नये. वरच्या वर्णातल्या बाईनं खालच्या वर्णातल्या पुरुषाशी लग्न करणं हा एके काळी गुन्हा होता. ब्राह्मण बाईच्या बाबतीत त्याला आसू पुंदुंग म्हणत, क्षत्रिय बाईच्या बाबतीत आलांगकाही कारांग हुलू. डचांच्या राजवटीत त्यासाठी बेटाबाहेर हद्दपार करत. हे १९५१ मध्ये बालीच्या प्रतिनिधी सभेनं रद्द केलं. म्हणजे बाहेरून लादलेलं नाही, बालीच्याच लोकांनी ठराव करून काढलं.

तेंगानान या वर्णव्यवस्थेत फारसं बसतच नाही, म्हणून तिथली बंदी वर्णाची नसून वेशीची आहे. फरक लक्षात घ्या.

---

देशावरचा

एक बाळबोध शंका. आपल्याकडे सगोत्र चालत नाही, काही घराण्यांत देवक आडवं येतं, म्हणजे जातीत करा पण कुळात करू नका. इथं तर एका गावातच करायचं. एवढ्याशा गावात सोयरीक जुळवायची म्हणजे आतेमामे करत बसायचं का? आणि मुलं-मुली एकमेकांना लहानपणापासून बघतात, त्यांना एकमेकांत रस तरी कसा वाटतो?

---

सूतपुतळी

देशावरचा, गाव एक असलं तरी आत कुळं आहेत: सांगह्यांग, न्गिजेंग, बातू गुलिंग वगैरे. प्रत्येकाचं वेगळं काम आणि वेगळं मूळस्थान.

दुसऱ्या शंकेला गावानं मजेशीर उत्तर दिलंय. मुलांची तीन मंडळं, मुलींची तीन मंडळं. मुलांना 'त्रुना न्योमान' नावाच्या दीर्घ दीक्षेतून जावं लागतं, ती झाली नाही तर पुढं सभेत बसायचं नाव काढू नये. मुली वेगळ्या घरांत जमतात, विणकाम आणि विधी शिकतात. म्हणजे लहानपणी एकत्र खेळलेली पोरं वयात येता येता मुद्दाम वेगळी केली जातात आणि मग उसाबा संबाह या मोठ्या उत्सवात रीतसर समोरासमोर आणली जातात. हा उत्सव त्यांच्या पंचांगाप्रमाणे पाचव्या महिन्यात, बहुधा जूनमध्ये येतो. मुली ग्रिंगसिंग नेसून, सोन्याची फुलं माळून लाकडी पाळण्यात बसतात. पाळणा म्हणजे आपल्या जत्रेतला आकाशपाळणाच, फक्त तो मुलं पायानं फिरवतात. आणि मुलं काटेरी केवड्याच्या पात्यांची जुडी हातात घेऊन, वेताच्या ढालीआडून एकमेकांची पाठ सोलून काढतात. लोखंडी पट्ट्यांचं सलुंदिंग वाद्य वाजत असतं. झुंज संपली की पाठीवर हळद वगैरे घातलेला लेप लावतात, सगळे एका पंगतीत जेवतात. कुणी हरत-जिंकत नाही, इंद्राला रक्त वाहिलं म्हणजे झालं.

पर्यटक झुंजीचे फोटो काढतात. गावातले म्हातारे पाळण्याकडे बघत असतात, कोणाची नजर कुठं जाते ते.

---

रानवाट

आमच्या जत्रेत आकाशपाळणा असतो, म्हातारेही बघत असतात, पण पाठ सोलायचं काम नंतर मुलीचे भाऊ करतात.

---

दूरदेशी

गेली काही वर्षं कामानिमित्त जावात, सुट्टीत बालीला चक्कर असते. लग्नाचे गावनियम म्हटलं तर बांगली जिल्ह्यातली दोन गावं यात यायलाच हवीत.

एक पंगलिपुरान. फार देखणं गाव, २०२३ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेच्या उत्तम गावांच्या यादीत होतं. सगळी घरं एका मापाच्या दारांची, मधून एकच चढता रस्ता, गाडीला मज्जाव. त्या गावात दुसरी बायको करायला बंदी आहे. नुसती तोंडी नाही, त्यासाठी जागाच काढून ठेवलीय. गावाच्या दक्षिण टोकाला, म्हणजे त्यांच्या दिशाशास्त्राप्रमाणे हलक्या बाजूला, कारांग मेमादू नावाचा तुकडा आहे. ज्यानं दुसरी केली त्याला गाव तिथं झोपडी बांधून देणार, तो तिथंच राहणार, त्याच्या लग्नाचा विधी गावाचा पुजारी करणार नाही, मंदिरात त्याला प्रवेश नाही. तिथं कुणी राहत नाही. जमीन विटाळलेली मानतात, भाजीसुद्धा लावत नाहीत.

दुसरं पेंगोतान. तिथं लग्नं वर्षातून दोनदाच, ठरलेल्या महिन्यांत, आणि सगळ्या जोडप्यांची एकदम गावच्या मंदिरात. पाच जोडपी असोत नाहीतर पन्नास. श्रीमंताची वेगळी वरात नाही. आपल्याकडचे सामुदायिक विवाह सोहळे गरिबांसाठी म्हणून असतात, तिथं ते सगळ्या गावालाच लागू आहेत.

---

थट्टेकरी

दुसरी केली की गावानं स्वखर्चानं झोपडी बांधून द्यायची? पुण्यात ही योजना जाहीर झाली तर अर्ज आवरणार नाहीत.

---

नोटरीकाकू

थट्टेकरी 😀

पंगलिपुरानच्या नियमाला देशाच्या कायद्याचा पाठिंबा नाही असंही नाही. इंडोनेशियाचा १९७४ चा विवाह कायदा दुसऱ्या लग्नाला पूर्ण बंदी घालत नाही, पण न्यायालयाची परवानगी आणि कारणं मागतो. गाव त्याच्या पुढं जाऊन सरळ नाही म्हणतं. उलट दिशेनंही होतं: २०१९ पासून मुलामुलींचं लग्नाचं किमान वय १९ केलं, ते गावाला आवडो न आवडो. त्याच वर्षी बाली प्रांतानं रिवाजी गावांना कायदेशीर व्यक्तित्व देणारा नियम केला. म्हणजे गावची वही आणि सरकारी कायदा हे दोन्ही एकाच वेळी बळकट होतायत, आणि लग्नाची पोरं दोघांच्या मध्ये उभी.

---

शंकेखोर

सगळं समजलं, पण मी माझ्या मुद्द्यावर ठाम आहे. पंगलिपुरानमध्ये तिकीट काढून आत जावं लागतं. कारांग मेमादू हा आता फोटो काढायचा ठिपका झालाय. तेंगानानच्या प्रत्येक दुसऱ्या घरात ताडपत्रावर कोरणारा किंवा ग्रिंगसिंग विकणारा बसलेला असतो. ही परंपरा बघायला लोक येतात म्हणून टिकलीय. उद्या पर्यटक थांबले तर बघा किती जण गावातलीच मुलगी शोधत बसतात.

---

सूतपुतळी

इथं मात्र मी असहमत, आणि जरा सविस्तर.

तेंगानानचा नियम पर्यटनाच्या कितीतरी आधीचा आहे. त्यांच्या रिवाजाची वही, अविग-अविग, १८४१ च्या सुमारास आगीत जळाली आणि राजाची परवानगी घेऊन पुढच्याच वर्षी नव्यानं लिहून घेतली. व्ही. ई. कोर्न या डच अधिकाऱ्यानं १९३३ साली या गावावर ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातच गावाला प्रजासत्ताक म्हटलंय. लग्न, आसनक्रम, मंडळं, सगळं तेव्हा जागेवर होतं. जवळच्या चांदीदासाच्या किनाऱ्यावर हॉटेलं आली ती त्यानंतर कित्येक दशकांनी.

आणि पर्यटनाचा पैसा या नियमाला टेकू देत नाही, तो उलट ओढतो. कसं ते सांगते. सामाईक जमिनीचा वाटा सभेत बसणाऱ्यालाच मिळतो. दुकानाचा गल्ला मात्र ज्याचं दुकान त्याचा. पूर्वेच्या आळीतला माणूसही कापड विकू शकतो, घरी पाहुणे ठेवू शकतो. भाताच्या वाट्यापेक्षा गल्ला मोठा झाला की तरुण पोरगा विचारणार, सभेत बसून मला काय मिळतं? मान मिळतो, बरोबर. पण मानासाठी बालीच्या राजधानीत, देनपासारमध्ये, कॉलेजात भेटलेली मुलगी सोडायची का, हा हिशोब आजोबाला करावा लागला नव्हता.

अजून एक. गावात जंगलाचे नियमही तितकेच कडक आहेत. उभं झाड तोडायचं नाही. दुरियान, कमिरी, पांगी ही फळं झाडावरून काढायची नाहीत, आपोआप पडलेलीच घ्यायची, मग झाड कुणाच्याही परड्यात असो. बघायला कुणी येत नाही, तरी हा नियम पाळला जातो. मग लग्नाचाच नियम पर्यटकांसाठी आहे असं कसं म्हणायचं? दोन्हींमागे एकच विचार आहे: जे सामाईक आहे ते गावाबाहेर जाऊ द्यायचं नाही. फळ असो, जमीन असो, नाहीतर, शंकेखोर तुम्ही म्हणाल तसं, मुलगी.

---

कासरा

वाचनमात्र होतो, पण राहवलं नाही. पूर्वेची आळी हीच खरी हुशारी आहे असं मला वाटतं. जिथं नियम मोडणाऱ्याला गावाबाहेर हाकलतात तिथं चार पिढ्यांत एक तर गाव रिकामं होतं, नाहीतर नियम. यांनी मोडणाऱ्याला भिंतीच्या आतच ठेवला. तो उत्सवाला दिसतो, त्याची पोरं गावातच वाढतात. नियम वाकला आणि मोडला नाही.

फक्त ही सोय पुरुषांपुरती का, याचं उत्तर धाग्यात अजून आलं नाही.

---

नोटरीकाकू

कासरा, उत्तर साधं आहे. बाकीच्या बालीत बाई लग्न करून नवऱ्याच्या देवघराची होते. तेंगानान आत वेगळं असलं तरी तिचा नवरा तेंगानानचा नाही, तो पुरुषपक्षवाल्या गावचा आहे. त्याचं गाव तिला आपल्याकडे धरतं आणि तिचं गाव तिला सोडतं. दोन रिवाज एकमेकांना भिडतात तिथं भुर्दंड तिला पडतो. पादा गेलाहांगसारखं काही तेंगानानच्या वेशीवर लागू करता आलं तर हा पेच सुटू शकेल, पण त्यात जमीन नवऱ्याच्या गावाकडे सरकण्याची वाट उघडते. म्हणून गाव ते सहजी करणार नाही.

---

शंकेखोर

पर्यटनाचा मुद्दा मी मागे घेतो, जमिनीचा पटतो. पण मग धाग्याचं नाव बदला. लग्नाची प्रथा टिकली असं म्हणण्यापेक्षा सातबारा टिकला म्हणा, आणि लग्न त्याला जोडलेलं आहे. सातबारा ज्या दिवशी दुकानापुढं हलका पडेल त्या दिवशी ही प्रथा किती टिकते ते बघायला मला आवडेल. बाईच्या वाट्याला वेस का, यावर अजूनही माझं समाधान झालेलं नाही आणि ते व्हावं अशी इच्छाही नाही.

---

सूतपुतळी

शंकेखोर, नाव बदलत नाही, पण सातबाऱ्याची उपमा चोरते.

दूरदेशी, पेंगोतानबद्दल वेगळा धागा काढाच. एकाच दिवशी सगळ्यांची लग्नं म्हणजे खर्च कोण आणि कसा वाटून घेतं, गाय-डुकराचं मांस कोणाच्या हिशोबात, आणि ज्याची तारीख हुकली तो सहा महिने काय करतो, हे सगळं वाचायचंय.

---

दूरदेशी

काढतो. पुढच्या खेपेला बांगलीला जाणं आहे, गावातल्या कुणाशी बसून बोलल्याशिवाय लिहिणार नाही. तोवर थट्टेकरींनी झोपडीचे अर्ज गोळा करून ठेवावेत.